सम्सूम

ऑक्टोबर निम्मा सरला की रियाधमधल्या घरांची दारं उघडतात. पाच महिने एसीच्या घरघरीत काढल्यावर संध्याकाळी बाहेर बसण्यासारखी हवा सुटते. आमच्या कंपाउंडमध्ये मधोमध हिरवळीचा एक तुकडा आहे, फार तर बॅडमिंटनच्या दोन कोर्टांएवढा. तिथे सतरंज्या पडतात, मुलं सायकली फिरवतात, चहाचे थर्मास येतात. आई वाईहून पहिल्यांदा आमच्याकडे आली ती याच दिवसांत. दिवाळी आठवड्यावर होती. हिरवळीच्या कडेला अनवाणी पाय सोडून ती फुलवाती वळत बसली होती.

"अरे, काहीतरी चावलं रे," ती म्हणाली. पायाच्या घोट्याजवळ लाल ठिपका होता. खाली गवतात एक काळी मुंगी शांतपणे चालली होती. "मुंगीच आहे मेली," असं म्हणून आईने घरात जाऊन कांद्याची चकती चोळली आणि पुन्हा वाती वळायला बसली. दोन दिवस पायाला खाज होती. तिसऱ्या दिवशी आम्ही ते विसरलो.

पुढच्या वर्षी आई पुन्हा आली. हिरवळ तीच होती. या वेळी डंख हाताला झाला, सतरंजी झटकताना. पाच-सात मिनिटांत तिचे तळहात खाजायला लागले, मग मान, मग कान. बायकोच्या लक्षात आलं की आईंचे ओठ सुजलेत. आवाज घोगरा झाला. मी शहाणपणाने सेट्रिझिनची गोळी दिली, "चल, डॉक्टरकडे जाऊन येऊ" म्हणत तिला उठवलं आणि गाडीपर्यंत चालवत नेलं. गाडीच्या दाराशी तिचे पाय लुळे पडले. ती माझ्या अंगावर कोसळली तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

इस्पितळ जवळ होतं म्हणून हा लेख या सुरात लिहिता येतो आहे. तिथल्या डॉक्टरांनी तिला आडवं केलं, पाय उंच केले आणि साडीवरूनच मांडीत ॲड्रिनलिनचं इंजेक्शन दिलं. काही मिनिटांत नाडी लागायला लागली. मग त्यांनी मला बाजूला घेतलं. मला वाटत होतं, विंचू असावा. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "काळी मुंगी होती का? ओलं गवत होतं का तिथे?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "सम्सूम." आणि थोडं हसून पुढे म्हणाले, "माझ्या गावाकडची आहे ती." डॉक्टर सुदानी होते. त्या वेळी मला हा विनोद कळला नाही. तो कळायला पुढे बरंच वाचावं लागलं.

सुदानमध्ये निळ्या नाईलच्या काठी सेन्नार नावाचं गाव आहे. एके काळी मोठ्या सल्तनतीची राजधानी होतं ते. 1862 साली गुस्ताव मायर या ऑस्ट्रियन कीटकशास्त्रज्ञाने एका मुंगीचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं आणि तिला त्या प्रदेशाचं नाव दिलं, सेन्नारेन्सिस. म्हणजे नावातच सेन्नारकर. आपल्याकडे आडनावावरून गाव कळतं तसंच.

आडनाव तेव्हापासून टिकलं, घराणं मात्र बदलत राहिलं. मायरने तिला 'पोनेरा' या प्रजातीत टाकलं. 1900 साली कार्लो एमेरी या इटालियन शास्त्रज्ञाने अशा मुंग्यांसाठी 'ब्रॅकिपोनेरा' असा वेगळा गट काढला. विसाव्या शतकाच्या शेवटी वर्गीकरण करणाऱ्यांनी हा गट आणि असे आणखी कितीतरी गट 'पॅकिकोन्डिला' या एकाच मोठ्या पोत्यात भरले. 2014 मध्ये श्मिट आणि शॅटक या दोघांनी ते पोतं पुन्हा उलटं केलं, मुंग्या निवडल्या आणि 'ब्रॅकिपोनेरा' परत जिवंत केली. आज तिचं पूर्ण नाव ब्रॅकिपोनेरा सेन्नारेन्सिस. ही नुसती कारकुनी आहे असं मलाही वाटलं होतं. पण आई घरी परतल्यावर मी या मुंगीची माहिती शोधत होतो तेव्हा डॉक्टरी लेखांमध्ये ती पॅकिकोन्डिला होती, कीटकशास्त्राच्या लेखांमध्ये ब्रॅकिपोनेरा होती, आणि आखातात सगळीकडे 'सम्सूम' किंवा नुसती 'काळी मुंगी'. या तिन्ही एकच आहेत हे कळायला मला काही रात्री लागल्या. तुमच्या डॉक्टरांना माहिती दाखवायची वेळ आली तर दोन्ही नावं लिहून ठेवा.

आता ती ओळखायची कशी? या देशात मुंग्या पुष्कळ आहेत आणि बहुतेक बिचाऱ्या निरुपद्रवी आहेत. स्वयंपाकघरात ओट्यावर वेड्यासारखी सैरावैरा पळणारी लांब पायांची बारीक काळी मुंगी, ती सम्सूम नव्हे. वाळूत भर दुपारी उंच पायांवर सुसाट धावणारी वाळवंटी मुंगी, तीही नव्हे. आपला ओळखीचा मोठा मुंगळा कडकडून चावतो, पण त्याला नांगी नसते. सम्सूम साधारण तांदळाच्या दाण्याएवढी, काळी किंवा काळपट तपकिरी असते. एका वारुळातल्या सगळ्या कामकरी जवळजवळ एकाच मापाच्या, त्यात मोठ्या डोक्याचे शिपाई वगैरे नाहीत. भिंगातून पाहिलं तर कमरेला एकच उभा उंचवटा दिसतो आणि त्यामागच्या पोटावर एक हलकी चिमटी काढल्यासारखी खाच दिसते. पोनेरिनी या जुन्या उपकुळाची ती खूण आहे. भिंग नसेल तर तिची चाल पाहा. साखरेवर येणाऱ्या मुंग्यांसारखी तिची रांग लागत नाही. ती बहुधा एकटी हिंडते, फार घाई न करता, काहीतरी हुंगत.

आणखी एक. आपण "मुंगी चावली" म्हणतो. सम्सूम चावत नाही, डंख मारते. तिच्या पोटाच्या टोकाला खरी नांगी असते, गांधीलमाशीसारखी. मधमाशीचा काटा आपल्या कातडीत अडकून राहतो आणि मधमाशी मरते. सम्सूमचं तसं नाही. ती नांगी काढून घेते आणि पुन्हा मारू शकते. कपड्यात शिरली तर दोन-तीन डंख सहज होतात. डंखाची जागा सुईने टोचल्यासारखी ठणकते, लाल होते, खाजते. बहुतेक माणसांची गोष्ट इथेच संपते. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण आमच्या घरातली हकीकत ऐकल्यावर मंडळातल्या एका वहिनींनी मुलांना गवतावर पाठवणंच बंद केलं होतं. त्याची गरज नाही.

गरज कुणाला आहे, हे कळण्यासाठी मुंगीपासून थोडं दूर, अटलांटिक महासागरावर जावं लागेल. 1901 साली मोनॅकोचा राजा पहिला आल्बर्ट आपल्या जहाजावर शास्त्रज्ञांना घेऊन सफरीला निघाला. त्यात शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच संशोधक होते. समुद्रातल्या विषारी जीवांचं विष ते अभ्यासत होते. पॅरिसला परतल्यावर त्यांनी समुद्रफुलांच्या विषाचे प्रयोग कुत्र्यांवर चालू ठेवले. अपेक्षा अशी की थोडं थोडं विष देत गेलं तर कुत्र्याला त्याची सवय होईल, लस टोचल्यावर होते तशी. एका धडधाकट कुत्र्याने पहिली मात्रा सोसली. काही आठवड्यांनी त्याला तेच विष, तेही थोडंसंच, दिलं तर तो काही मिनिटांत धापा टाकायला लागला आणि अर्ध्या तासाच्या आत मेला. सवय होण्याऐवजी उलटंच झालं होतं. 1902 मध्ये या उलट्या प्रकाराला त्यांनी 'ॲनाफिलॅक्सिस' हे नाव दिलं. रिशेला 1913 साली नोबेल पारितोषिक मिळालं.

आईचंही तेच झालं होतं. पहिल्या वर्षीच्या डंखाने नुसती खाज आली, पण तिच्या शरीराने त्या विषाची नोंद करून ठेवली, त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिद्रव्यं तयार केली आणि वाट पाहत बसलं. दुसऱ्या वर्षी तेच विष आलं तेव्हा शरीराने शत्रूवर जे हत्यार उगारलं त्याने स्वतःलाच झोडपलं. रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब कोसळतो, घसा आणि श्वासनलिका आवळतात. विष किती गेलं याचा इथे फारसा संबंध नसतो. मारायला तांदळाएवढी मुंगी पुरते. आखातात या मुंगीच्या डंखाने माणसं दगावल्याची नोंद आहे. संयुक्त अरब अमिरातीतल्या रुग्णांवर 1995 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या आयजीई-यंत्रणेवर बोट ठेवलं. इथल्या सौदी मेडिकल जर्नलमध्ये 2006 साली आणि ॲनल्स ऑफ सौदी मेडिसिनमध्ये 2009 साली इथल्या रुग्णांवर लेख आले. म्हणजे आपण इथे येऊन राहायच्या आधीपासून डॉक्टरांना हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते आम्हाला.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या शहरात ही ओलाव्याची मुंगी करते काय?

तिचं मूळ राज्य म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला आफ्रिकाभर पसरलेला गवताळ प्रदेश. तिथून अरबस्तानात येमेन, ओमान, अमिराती, सौदी अरेबिया, आणि आखाताच्या पलीकडे दक्षिण इराणपर्यंत ती सापडते. आफ्रिकेच्या सवानात तिचा अभ्यास करणाऱ्या देजाँ आणि लाशो या फ्रेंच संशोधकांनी 1994 साली एक गोष्ट नोंदवली जी मला फार आवडली. पोनेरिनी उपकुळातल्या मुंग्या म्हणजे शिकारी जात, किडे मारून खाणारी. सम्सूमही वाळवी वगैरे मारते. पण ती गवताचं बी सुद्धा गोळा करून खाते. शिकाऱ्यांच्या घराण्यात जन्मून धान्य वेचणारी ही बाई. गवत, बी, ओलसर माती आणि ऊब असली की तिचा संसार मांडला जातो.

आणि रियाधमध्ये आपण तिला नेमकं हेच पुरवलं. 'रियाध' या शब्दाचाच अर्थ बागा. पावसाळ्यात वादी हनीफाचं पाणी जिथे थबकायचं तिथे हिरवळ उगवायची, त्यावरून पडलेलं हे नाव. पण आताची हिरवळ त्या पाण्यावरची नाही. आखाताच्या किनाऱ्यावर जुबैलला समुद्राचं पाणी गोड करायचं, ते चारशेहून जास्त किलोमीटर नळांतून सहाशे मीटर उंचीवर चढवायचं, आपण ते वापरायचं, मग सांडपाणी शुद्ध करून झाडांना घालायचं. वादी हनीफाचं पुनरुज्जीवन इतकं चांगलं झालं की 2010 साली त्याला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. 2019 मध्ये 'ग्रीन रियाध' जाहीर झालं, पंच्याहत्तर लाख झाडांचं. मी याविरुद्ध एक अक्षर बोलणार नाही. पंधरा वर्षांपूर्वीचं भुरकट रियाध ज्यांनी पाहिलंय त्यांना रस्त्याकडेच्या सावलीचं मोल माहीत आहे. पण प्रत्येक झाडाच्या बुडाशी एक ठिबकनळी असते, प्रत्येक हिरवळीच्या कडेला एक फवारा असतो, आणि ठिबकनळीच्या तोंडाशी हाताएवढी जमीन बारा महिने ओली असते. वाळवंटाच्या नकाशावर हे ओले ठिपके मुंगीच्या नजरेने पाहा. तिच्यासाठी तो सवानाच आहे, फक्त तुकड्या-तुकड्यांचा.

किंग सौद विद्यापीठातल्या कीटकशास्त्रज्ञांनी देशाचा नैर्ऋत्य भाग, रियाधचा परिसर आणि पूर्व प्रांत हिंडून सम्सूमची पाहणी केली आणि ती 2015 साली प्रसिद्ध केली. तिन्ही भागांत मुंगी सापडली. जेद्दाह आणि दम्मामच्या मंडळींनी तेव्हा "हे रियाधवाल्यांचं दुखणं" म्हणून पान उलटू नये. शेतं, बागा, घरांची आवारं, माणूस जिथे पाणी घालतो तिथे ती असते.

ती नेमकी कुठे राहते हे मला पुस्तकाने नाही, आमच्या कंपाउंडच्या माळीभाईंनी दाखवलं. ते बांगलादेशातल्या नोआखालीचे. बारा वर्षं इथे गवत कापतायत, भर उन्हाळ्यातही गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालतात. मी बुटांचं कारण पाण्यातलं काम समजत होतो. "साहब, पानी के लिए नहीं," ते म्हणाले आणि मला हिरवळीच्या कडेला घेऊन गेले.

"वारूळ" म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नागपंचमीचं उंच वारूळ येतं. ते खरं तर वाळवीचं असतं, मुंगीचं नव्हे, आणि सम्सूमचं घर तर त्याच्या आसपासही नाही. बाहेर दिसतो तो मातीच्या बारीक खड्यांचा एक छोटा ढीग, चहाच्या बशीएवढा, कधी त्याहून लहान. मध्ये एक भोक. घर सगळं जमिनीखाली, दालनं आणि बोळ असलेलं. आत राणी आणि शेकड्यांनी कामकरी. माळीभाईंनी मला अर्ध्या तासात सात ढीग दाखवले, आणि एकही गवताच्या मधोमध नव्हता. दोन फरशीच्या काठाच्या फटीत होते. एक खजुराच्या बुंध्याशी, ठिबकनळी जिथे संपते तिथे. एक आमच्याच खिडकीखाली, एसीचं पाणी जिथे वर्षभर टपटपत होतं. एक पाण्याच्या मीटरच्या झाकणाशी. आणि दोन त्या गळक्या फवाऱ्याजवळ, ज्याची तक्रार मी दोनदा लिहून दिली होती. आईने दोन्ही वर्षी सतरंजी टाकली होती ती त्याच फवाऱ्यापासून चार पावलांवर. गवत तिथे जास्त हिरवं होतं म्हणून.

त्या फटी पाहिल्यावर मला कळलं की या मुंगीला गवतापेक्षा गवताची कड आवडते. वर फरशी तापलेली, खाली माती ओली, आणि वर पाय ठेवला तरी घर कोसळत नाही. आपण बसतो कुठे? कडेलाच. पाय सोडून.

पंखवाल्या सम्सूमही असतात हे त्यांनीच सांगितलं. पावसाची सर येऊन गेली की उडतात, दिव्याशी येतात. बऱ्याच जातींच्या मुंग्यांमध्ये हे होतं: नव्या राण्या आणि नर बाहेर पडतात, हवेत लग्न लागतं, मग राणी पंख टाकून एकटीच नवं घर सुरू करते. मुक्ताबाईंच्या कूट अभंगातली उडणारी मुंगी आठवली. तिचा अर्थ वेगळा, ती योग्यांची गोष्ट आहे, पण आमच्या बाल्कनीच्या दिव्याखाली गळालेले पंख झाडताना मला दर वेळी ती आठवते. राणी कामकरीपेक्षा थोडी मोठी असते आणि तिलाही नांगी असते, तेव्हा झाडू वापरावा, हात नव्हे.

जाता जाता, या मुंगीची भावंडं आपल्या सह्याद्रीतही आहेत. ब्रॅकिपोनेराच्या इतर जाती तिकडे ओल्या जंगलात पाचोळ्याखाली राहतात. ब्रिटिश काळात मुंबई इलाख्याच्या वनखात्यात रॉटन नावाचे अधिकारी होते. पुण्याच्या बाजूला नोकरी करता करता त्यांनी मुंग्या गोळा केल्या, स्वित्झर्लंडच्या ऑगस्ट फोरेल यांना ओळख पटवायला पाठवल्या, आणि 1892 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात 'आपल्या मुंग्या' अशा अर्थाच्या शीर्षकाने दोन भागांत सुरेख लेख लिहिला. दुसरी एक बहीण, चिनी ब्रॅकिपोनेरा, पूर्व आशियातून अमेरिकेत पोचली. 1932 पासून तिची तिथे नोंद आहे, आणि तिच्या डंखानेही कोरियात, जपानमध्ये, अमेरिकेत माणसांना असाच धक्का बसल्याची उदाहरणं आहेत. तेव्हा तुमची मुलं शिकायला अटलांटाला गेली असली तरी हा लेख त्यांना पाठवायला हरकत नाही.

मग करायचं काय? मुंग्या मारण्याबद्दल माझं आणि आईचं एकमत नाही. तिच्या आईकडून आलेली सवय अशी की मुंग्यांच्या भोकाशी चिमूटभर पीठ-साखर घालायची. इतकं होऊनही तिने "अरे, तिच्या घरावर मी सतरंजी झटकली, ती काय करणार?" असंच म्हटलं. मी इतका थोर नाही. आम्ही औषध मारून पाहिलं. वरून फवारलेलं औषध खालच्या दालनांपर्यंत पोचत नाही. आठ दिवसांनी दोन हातांवर नवा ढीग आला. कुणी पेट्रोल ओततं, ते तर करूच नये, मुंगीपेक्षा मोठा अपघात होईल. खरा फरक पडला तो फवारा दुरुस्त झाल्यावर. एसीच्या पाण्याला नळी जोडून ते थेट गटारात सोडलं, फरशीच्या फटी सिमेंटने भरल्या, आणि हिरवळीला पाणी संध्याकाळऐवजी पहाटे द्यायला लावलं. जागा कोरडी पडली तशा मुंग्या कमी झाल्या. संपल्या नाहीत, संपणारही नाहीत.

आणि माणसाचं काय करायचं ते मी मला झालेल्या चुकांच्या क्रमानेच सांगतो. डंखाची जागा सोडून अंगभर खाज, गांधी, ओठ-डोळे सुजणं, आवाज बदलणं, धाप, उलटी, चक्कर यांतलं काही दिसलं तर ती साधी खाज नव्हे. सेट्रिझिनसारखी गोळी अंगावरची खाज कमी करते, कोसळणारा रक्तदाब सावरत नाही. तिच्या भरवशावर मी जी दहा मिनिटं घालवली ती मला अजून रात्री आठवतात. औषध एकच, ॲड्रिनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, लवकर. माणसाला उभं करू नये, चालवू तर मुळीच नये. आडवं करून पाय उंच ठेवावेत. धाप फार असेल तर पाय पसरून बसतं ठेवावं. आईचे पाय गाडीच्या दाराशीच का लुळे पडले हे डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं: उभं राहिल्यावर हृदयाकडे परतायला रक्तच उरत नाही. रेड क्रेसेंटचा नंबर 997, रियाधमध्ये 911 लागतो. बरं वाटलं तरी इस्पितळात काही तास थांबावं, कारण लक्षणं पुन्हा उलटू शकतात. आम्हाला रात्रभर ठेवलं होतं.

एकदा असा झटका आलेल्या माणसाजवळ ॲड्रिनलिनचं पेन हवं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते इथे मिळतं. भारतात ते सहज मिळत नाही, म्हणून आईसाठी दोन पेनं आम्ही इथून पाठवली, सोबत डॉक्टरांचं पत्र विमानतळावर दाखवायला. पेनावरची मुदत पाहावी, आणि इथल्या उन्हाळ्यात ते कधीही गाडीत विसरू नये, उष्णतेने औषध खराब होतं. मधमाशी किंवा गांधीलमाशीच्या विषाविरुद्ध हळूहळू मात्रा वाढवत नेऊन शरीराला सरावण्याचे उपचार असतात. ऑस्ट्रेलियात टास्मानियात तिथल्या 'जॅक जंपर' मुंगीसाठीही तसे उपचार आहेत. सम्सूमसाठी तसं तयार औषध बाजारात नाही. इथे लाखो माणसं, त्यातली बरीचशी बागेत, शेतात, बांधकामावर अनवाणी किंवा चपलेत काम करणारी, या मुंगीबरोबर राहतात. त्यांच्यासाठी कुणीतरी ते करायला हवं असं मला वाटतं. बूट घालणारे माळीभाई शहाणे. सगळ्यांना बूट मिळत नाहीत.

आई या वर्षीही येते आहे. मी नको म्हणत होतो. ती म्हणाली, "तुझ्या बापाला साप चावला होता, म्हणून आम्ही शेती सोडली का?" वाईच्या डॉक्टरांकडून तिने पेन कसं मारायचं ते शिकून घेतलं आहे, आणि शेजारच्या दोघींना शिकवलंही आहे. ते पेन ती कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवते. मी बाहेर बसायला दोन खुर्च्या आणि तिच्यासाठी बंद पायांचे बूट आणले आहेत. परवा माळीभाईंचा फोन आला, लहान मुलांच्या घसरगुंडीमागे नळ गळतोय आणि तिथे नवीन ढीग आहे. आम्ही दोघांनी जाऊन नळ बंद केला, ढिगावर उलटं घमेलं घातलं आणि त्यावर खडूने फुली मारली. प्लंबर शनिवारी येणार आहे.